खुणेचा ताड

लालासाब शिकलगार छापखान्यातून घरी येताना काखेत प्रुफांची गुंडाळी घेऊन येत, यात नवं काही नव्हतं. राजारामपुरीतल्या त्या छापखान्यात ते एकवीस वर्षं छपाईचे खिळे जुळवत होते. थोरली मुलगी मेहमुदा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाल्यापासून शास्त्राचं, औषधांचं, शेतीखात्याचं जे काही छापायला येई त्याची प्रुफं मालक तिच्याकडेच धाडी. बदल्यात कागदाच्या रिमांची उरलेली कात्रणं मिळत. मेहमुदा ती शिवून त्यांच्या वह्या करी.

१९८० सालच्या मार्चमधल्या त्या रविवारी मात्र लालासाब दारातूनच हसत आले. चपला काढायच्या आधी त्यांनी गुंडाळी तिच्या हातात दिली.

"वळख की, कुणाचं काम हाय," ते म्हणाले. "दोन दिस जुळवतोय. हातानं लिवलेला मजकूर बघितला आन् म्हटलं, हे अक्षर तर आपल्या घरातलं. मालकानं लग्नपत्रिकांसाठी नवा टाइप ठेवलाय न्हवं, त्यातला मागून घेतला."

आतून मेहमुदाची आई ताजबी म्हणाली, की पोरीचं नाव छापलंय का ते बघा आधी, टाइपाचं कौतुक मागनं करा.

नाव नव्हतं. पहिल्या पानावर होतं: 'पाकोळखडा सागरी उत्पादने सहकारी संस्था (नियोजित), कोल्हापूर. भावी सभासदांसाठी माहितीपत्रक.' त्याखाली, जरा बारीक टाइपात: 'तांत्रिक सल्लागार: डॉ. सयाजी इंगवले.' डॉ. इंगवले म्हणजे तिचे सर. त्यांच्या हाताखाली तिने दोन वर्षं काम केलं होतं.

मेहमुदा उभ्याउभ्याच पानं चाळू लागली. सहाव्या पानावर बेटाचा नकाशा होता. तो तिनेच ट्रेसिंग कागदावर काढला होता. इंग्रजी सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ द्यायची तिची सवय, आणि ब्लॉक करणाऱ्याने त्या रेघाही जशाच्या तशा उतरवल्या होत्या. नवव्या पानावर ती थांबली.

'गुहा क्रमांक तीन. अमावास्या व पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत, ओहोटी पूर्ण झाल्यावर सुमारे चाळीस मिनिटे गुहेचे तोंड उघडे असते. बेटाच्या पूर्वेस होडी आणून, किनाऱ्यावरील देवळाचा कळस व मागच्या टेकडीवरील एकटा ताड एका रेषेत घ्यावा. ताड कळसाच्या डावीकडे दिसू लागल्यास होडी खडकावर आहे असे समजावे.'

वाक्य न वाक्य तिचं होतं. तिने ते एकदाच लिहिलं होतं, एकाच प्रतीत, आणि ती प्रत लाखेने बंद केलेल्या पाकिटात होती.

लालासाब तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. काय चुकलं का, त्यांनी विचारलं. मेहमुदा म्हणाली, नाही, नवव्या पानावर एकही चूक नाही.

*

दोन वर्षांपूर्वी सर स्वतः त्यांच्या घरी आले होते. वेंगुर्ल्याच्या खाली, किनाऱ्यापासून सात-आठ मैल आत, समुद्रात एक खडकाळ बेट आहे, ते त्यांनी लालासाबांना समजावून सांगितलं. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात. ती काडी-कचऱ्याची नसतात. पाखरू स्वतःच्या लाळेचा धागा काढून दगडाला अर्ध्या वाटीएवढं पांढरं घरटं चिकटवतं. परदेशात श्रीमंत लोक त्याचं सूप करून पितात, म्हणून चोरून घरटी नेणारे येतात. किती पाखरं आहेत हे आजवर कुणी मोजलेलं नाही, आणि मोजल्याशिवाय सरकार बेट राखून ठेवणार नाही. शिकलगारांच्या मुलीइतकं काटेकोर मोजणारं दुसरं कुणी माझ्याकडे नाही, सर म्हणाले. तिची जबाबदारी माझी.

लालासाबांनी ताजबीला सोबत नेण्याच्या अटीवर होकार दिला. सरांनी जाताना स्वतःची दुर्बीण मेहमुदाच्या हाती दिली. ती परत द्यायची नाही, म्हणाले.

ताजबी पहिल्याच दिवशी होडीत बसली आणि बेट दिसायच्या आधी तिने पोटातलं सगळं दर्याला दिलं. त्यानंतर ती किनाऱ्यावर होडीवाल्याच्या बायकोकडे, अंबूबाईकडे, बसून राहू लागली. होडीवाला गुंडू तांडेल. साठीचा, बुटका, कमी बोलणारा. मेहमुदा त्याला गुंडूकाका म्हणे आणि तो तिला बाय म्हणे, आपल्या लेकींना म्हणे तसंच.

बेटावरच्या दोन गुहा सगळ्यांना ठाऊक होत्या. तिथली घरटी दरवर्षी कुणी ना कुणी खरवडून नेई, आणि घरटी जेमतेम तीनशे उरली होती. पण मेहमुदाने संध्याकाळी बेटाकडे परतणाऱ्या पाकोळ्या मोजल्या, आणि हिशेब काही जुळेना. तीनशे घरट्यांची म्हणजे सहाशे पाखरं. परतत होती दोन हजारांच्या वर. तीन संध्याकाळी मोजूनही तेच. चौथ्या दिवशी तिने गुंडूला विचारलं, उरलेली कुठे राहतात?

गुंडू दोन दिवस तिला त्याच दोन गुहांकडे नेत राहिला. तिसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाच्या ओहोटीला, त्याने होडी बेटाच्या पूर्वेला घेतली आणि तोंड किनाऱ्याकडे करून तिला उभं केलं. लांबवर देवळाचा कळस होता आणि त्याच्या मागे टेकडीवर एकच ताड. गुंडू वल्ही हलकी हलकी मारत होता, आणि ताड सरकत सरकत कळसाच्या बरोबर डोक्यावर येऊन बसला. डावीकडे पाण्याखाली काळे सुळके होते. होडी त्या रेषेवरून मागे मागे सरकली, आणि खडकाच्या पोटात एक तोंड उघडं पडलं.

आत एक हजार एकशे बारा घरटी होती. मेहमुदाने तीनदा मोजली. बॅटरीच्या उजेडात ती पांढऱ्या कानांसारखी दिसत होती, जणू भिंत ऐकत होती.

परतताना गुंडूने सांगितलं, की तो ताड त्याच्या पणज्याने लावला. त्याला कुणी कोयता लावत नाही, ताडगोळे पडतील तेवढेच उचलायचे. नारळी पौर्णिमेला एक नारळ दर्याला आणि एक त्या ताडाला. वादळात सापडलेली होडी त्या गुहेच्या आडोशाला आणायची म्हणून ती खूण. बापाने मुलाला दाखवायची, दुसऱ्या कुणाला नाही.

"तू मोजूचा म्हणतंस म्हणान दाखयलंय, बाय," तो म्हणाला. "खूण डोळ्यांत ठेव. कागदार घालू नको. कागद खंयय जाता, कोणाच्याय हातात."

तिने शब्द दिला. देताना तिला तो जड वाटला नव्हता.

तो जड झाला कोल्हापुरात. अहवालात तिने लिहिलं, तिसरी गुहा आहे, घरटी एक हजार एकशे बारा. सरांनी तो आकडा पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, कुठे? तिने दिलेला शब्द सांगितला. सर रागावले नाहीत. ते नेहमीसारखे खुर्चीत मागे रेलले.

"शास्त्रात विश्वास नसतो, शिकलगार, पडताळणी असते. उद्या दुसरा माणूस तिथं जाऊन तेच मोजू शकला पाहिजे. नाहीतर तुझं एक हजार एकशे बारा म्हणजे नुसती थाप."

थाप हा शब्द तिला लागला. तिच्या आकड्याला आजवर कुणी थाप म्हटलं नव्हतं. होकायंत्राची दिशा देऊ का, तिने विचारून बघितलं, पण हे तिलाच पटेना. हलत्या होडीत होकायंत्र तीन अंश इकडेतिकडे होतं, आणि तीन अंशांत होडी फुटते. खूण म्हणजे ताड आणि कळस, दुसरं काही नाही. मग सरांनीच तोड काढली. अहवालात काही लिहायचं नाही. वेगळ्या कागदावर एकच प्रत करायची, पाकिटात घालून लाखेने बंद करायची, आणि सरांच्या कपाटात ठेवायची. सरकारचा माणूस तपासायला आला तरच उघडायची, तीही तिच्यासमोर.

तिने ती प्रत लिहिली, आणि लिहायला बसल्यावर अर्धवट लिहिणं तिच्या स्वभावात नव्हतं. ओहोटीची वेळ घातली, चाळीस मिनिटं घातली, घरटी सर्वांत पांढरी कधी असतात तो पंधरवडा घातला. सरांनी तिच्यासमोर लाख लावली.

*

सोमवारी ती सरांकडे गेली तेव्हा ते प्रयोगशाळेत एकटेच होते. तिने प्रूफ टेबलावर ठेवलं आणि पाकीट दाखवा म्हणाली.

सरांनी कपाट उघडून पाकीट काढलं. लाख जशीच्या तशी होती. पाकिटाची एक कड ब्लेडने कापली होती, अगदी सरळ, जशी ते कापायला शिकवत.

सर पुष्कळ बोलले. सरकारला अहवाल पाठवून दीड वर्ष झालं, कुणी पोचसुद्धा दिली नाही. कायद्याच्या यादीत या पाखराचं नाव नाही, म्हणजे कुणी घरटी नेली तरी त्याला हात लावता येत नाही. मग चोरांनी नेण्यापेक्षा आपल्या लोकांनी रीतसर नेली तर काय बिघडलं? ऊस झाला, दूध झालं, या जिल्ह्याने सहकारातून काय उभं केलं नाही? संस्था राखणदार ठेवील. पहिलं घरटं काढायचं, दुसरं पाखराला ठेवायचं. राखायचं तर वापरून राखावं लागतं, हे तिला कळायला अजून वेळ आहे.

मेहमुदाने चौदावं पान कुठे आहे, एवढंच विचारलं.

अहवालाच्या चौदाव्या पानावर तिने लिहिलं होतं, की एक घरटं बांधायला पाखराला सव्वा महिना लागतो. अंडी उबून पिल्लू उडेपर्यंत आणखी दोन महिन्यांवर. मार्चअखेर पहिलं घरटं गेलं तर दुसऱ्यातलं पिल्लू पाऊस लागायच्या आत उडू शकत नाही. त्या दोन गुहांमध्ये ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या घरट्यात लाळ कमी, पिसं जास्त, कुठे कुठे रक्ताची रेघ. माहितीपत्रकात तिचा आकडा होता, नकाशा होता, वेळ होती. ते पान नव्हतं.

"सभासदांना एवढं खोलात लागत नाही," सर म्हणाले.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिलं, सर."

सरांच्या आवाजात खरंच थोडी माया होती, आणि तेच तिला नंतर सर्वांत जास्त आठवत राहिलं.

"आणि त्या होडीवाल्यानं तुझ्यावर ठेवून दाखवलं," ते म्हणाले. "पाकीट मी फोडलं, पोरी. कागद तू लिहिलास."

तिने गळ्यातली दुर्बीण काढून प्रूफावर ठेवायला हवी होती, असं तिला जिना उतरताना सुचलं. मग ती परत वर गेली, दुर्बीण टेबलावर ठेवली, आणि प्रूफ उचलून आणलं.

*

संध्याकाळी तिने अब्बांना सगळं सांगितलं. लालासाब बराच वेळ बोटांना लागलेली शाई अंगठ्याने चोळत बसले. खिळे जुळवणारा माणूस मजकूर उलटा वाचतो, अक्षर बघतो, अर्थ बघत नाही. ते एवढंच म्हणाले, की मी अक्षर तेवढं बघितलं.

मग ते म्हणाले, जुळवलेल्या खिळ्यांची पानं अजून सुतळीत बांधून दगडी टेबलावर ठेवली आहेत. मशीनवाला पिराजी परवा ती मशीनवर चढवणार.

"धक्का लागून पडलं तर कोण इचारत न्हाई," ते म्हणाले. "एकवीस वर्सांत पडलं न्हाई. एकदा पडंल."

वडील काय पणाला लावत होते ते मेहमुदाला कळत होतं. छापखान्यात जुळवलेला मजकूर पाडणं म्हणजे काय ते ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण हस्तलिखित सरांकडे होतं. दुसरा कुणी आठ दिवसांत पुन्हा जुळवील, आणि अब्बांचं नाव तेवढं जाईल. ती नको म्हणाली.

ती लाल शाईचं पेन घेऊन नवव्या पानासमोर बसली. एक शब्द बदलला तरी पुरे होतं. डावीकडेच्या जागी उजवीकडे. प्रूफ तपासणारीने केलेली दुरुस्ती म्हणून ते निमूट छापलं गेलं असतं आणि गुहा कुणाला सापडली नसती. पेनाचं टोक कागदाला टेकलं. मग तिला ते काळे सुळके दिसले. संस्थेचे सभासद स्वतः थोडेच वल्ही मारणार होते? होडी त्याच गावातली असणार, वल्हवणारा गुंडूचा पुतण्या किंवा शेजारी. खोट्या खुणेवर फुटणार ती त्याची होडी.

पान तसंच ठेवून तिने खाली सही केली. तपासले, चूक नाही.

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने, आजरा-आंबोलीवरून, ती वेंगुर्ल्याला उतरली आणि तिथून दुसऱ्या गाडीने गुंडूच्या गावी गेली. दुपारचा दीड वाजला होता. अंबूबाईने तिला बघून तांब्या भरून आणला, आई कशी आहे विचारलं, अजून बोट लागते का म्हणून हसली. गुंडू पडवीत जाळं सांधत बसला होता. ये बाय, म्हणाला.

तिने उभ्यानेच सांगितलं. माहितीपत्रक, संस्था, पाकीट, सर. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की आपण सरांनी काय केलं तेच पुन्हा पुन्हा सांगतो आहोत.

गुंडूने जाळ्यातून बोटं काढली.

"कागदार तू घातलंस?"

"घातलं."

"ओहोटीची येळ पण?"

"वेळपण."

त्याने मान हलवली, कुणी मासळीचा भाव सांगितल्यावर हलवावी तशी. तिला वाटलं होतं तो ओरडेल. ती सहा तास गाडीत त्या ओरडण्याची तयारी करत आली होती. त्याने जाळं घडी करून बाजूला ठेवलं आणि दोन्ही मुलांना हाक मारली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "साडेचाराची गाडी आसा. तुमी जावा आता."

तुमी. अंबूबाईने खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि आत नेला. त्यातलं पाणी मेहमुदाने अजून घेतलं नव्हतं.

गाडीचा थांबा किनाऱ्याच्या रस्त्यावर, देवळासमोर होता. ती तिथल्या कट्ट्यावर बसून राहिली. टेकडीवरून कुणी लाकूड फोडत असल्यासारखा आवाज येत होता, एक घाव, मग दुसरा, दोघेजण आळीपाळीने घालत असावेत तसे. वारा फिरला की आवाज बंद होई, पुन्हा येई. तास-दीड तास झाला तरी तो थांबेना, तेव्हा तिने वर बघितलं.

ताडाचा शेंडा थरथरत होता. वाऱ्याने नव्हे. झावळ्या शांत होत्या आणि खोड हलत होतं.

ती उठली, चार पावलं टेकडीकडे गेली, आणि थांबली. वर जाऊन ती काय सांगणार होती? थांबा म्हणणार होती? माहितीपत्रकात ताड होता, पिराजी उद्या तो हजार प्रतींत छापणार होता. गुंडूने हिशेब तिच्यापेक्षा लवकर केला होता. कागद त्याला फाडता येत नव्हता. ताड त्याचा होता.

पण ताड गेला की ती रेष गुंडूचीही गेली. त्याची दोन मुलं कुऱ्हाड चालवत होती, त्यांनी आपल्या मुलांना दाखवायचं तेही गेलं. वादळात सापडलेल्या होडीला आता आडोसा नव्हता. आणि एक हजार एकशे बारा हा आकडा यापुढे कुणालाही पडताळता येणार नव्हता, तिला स्वतःलाही.

एप्रिलमध्ये संस्थेची माणसं आली. दोन गुहा त्यांनी साफ केल्या, आणि बेटाच्या पूर्वेला दोन दिवस घिरट्या घालून परत गेली. सरांनी कॉलेजच्या व्हरांड्यात तिला गाठून विचारलं, दुसरी एखादी खूण असेल ना तुझ्या वहीत? नाही, ती म्हणाली. ते खरं होतं. सरांना ते खरं वाटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्या दुपारी मात्र हे सगळं अजून व्हायचं होतं. ताड आधी जरासा वाकला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग टेकडीच्या पलीकडे गेला. आवाज मागाहून आला. मेहमुदाचा हात सवयीने पिशवीतल्या वहीकडे गेला. तिने घड्याळ बघितलं, चार वाजून बारा मिनिटं. वही तिने बाहेर काढली नाही.

गाडी आली. कंडक्टरने विचारलं, कुठे जायचं? वेंगुर्ला, ती म्हणाली, आणि खिडकीशी बसली. गाडी वळणावर गेली तेव्हा तिने मागे बघितलं. देवळाच्या कळसामागे नुसतं आभाळ होतं.